हापसा टिकतो तो आट्यांवर

(लातूर येथे सहाय्यक मंडळींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला लोखंडी पाइपाबद्दल बोलायचे आहे. मेळाव्यात असा विषय सहसा निघत नाही. पण किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम आणि आंध बांधवांच्या वस्तीवर उन्हाळ्यात पाणी मिळते की नाही, हे पुष्कळदा पाइपाच्या एका टोकावर ठरते. म्हणून तुमची थोडी वेळ घेतो.

लातूरकरांना पाण्याची किंमत मी काय सांगावी! २०१६ साली मांजरा धरण आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. १२ एप्रिलच्या पहिल्या गाडीला दहाच वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाण्याच्या. वाघिणी भरायची सोयच तेवढी होती. मिरजेत स्टेशनपर्यंत नवी पाइपलाइन जोडली गेली, तेव्हा पन्नास वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी येऊ लागली. कृष्णेला पाणी होते, रूळ होते, गाडीही होती. अडले होते ते मधल्या पाइपापाशी.

डोंगरातल्या वस्तीवर रेल्वे जात नाही. टँकरही रस्ता असेल तिथपर्यंतच जातो. तिथे आधार हापशाचा. आणि या हापशाशी आपल्या महाराष्ट्रातल्या मिशनांचे जुने नाते आहे, हे आपल्यातल्या तरुणांना माहीत असावे.

१९६०च्या दशकात दुष्काळी भागांत बोअर घेणे सुरू झाले. त्यांवर बसवलेले पंप बिडाचे होते. मूळ नमुने युरोप-अमेरिकेतले, एका घरापुरत्या वापराचे. इथे त्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत सारा गाव पाणी भरायचा. बीड तडकायचे, खिळी झिजायची. १९७४च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारांतले तीन पंप बंद आढळले. पाणी जमिनीत होते, बोअरही होता, पण बाया पुन्हा नाल्यातल्या झिऱ्यावर.

या अडचणीवर आपल्या जालन्याच्या आणि नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशनच्या पाणी-कामातून उपाय निघाला. बिडाऐवजी पोलाद कापून, वेल्डिंग करून पंपाचे डोके बनवायचे. दांड्याला अनेक खिळ्यांऐवजी एकच भक्कम आस ठेवायचा. सोलापुरात मिशनच्याच प्रेरणेने उभ्या राहिलेल्या कामात हा पंप आणखी सुधारला. पुढे युनिसेफ आणि सरकारने सोलापूरचा नमुना पायाभूत धरला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने त्यावर काम केले आणि ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. त्यावर कोणाची मालकी ठेवली नाही. मापे ठरवून दिली, कोणीही बनवावा. आज हा हापसा आफ्रिकेतल्या अनेक देशांतही पाणी देतो. साध्या वर्कशॉपमधून निघालेली ही देणगी आहे.

आता आत काय असते ते पाहू. बोअरमध्ये ३२ मिलिमीटरचे जीआय पाइप सोडलेले असतात, प्रत्येक ३ मीटरचा, एकमेकांत आट्यांनी जोडलेला. पाणी ३० मीटरवर असेल तर दहा पाइप. आतले रॉड दांड्याला लटकतात, पण पाइप आणि त्यांत चढलेले पाणी मिळून भार मोठा होतो. हा भार सर्वांत वरच्या जोडाच्या आट्यांवर लटकतो. दांड्याच्या प्रत्येक हिसक्याला त्यांनाच झटका बसतो.

म्हणून पाइप कापणे ही हलकी गोष्ट नाही. काप गुण्यात हवा. तिरका कापला तर आटे तिरके पडतात आणि भार दोन-तीन आट्यांवरच येतो. आत राहिलेली धार कानशीने घासून काढावी लागते. डाय फिरवताना तेल सोडावे लागते, नाहीतर आटे फाटतात. आटे पाडताना जस्ताचा मुलामा निघून जातो, म्हणून गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. वेळीच पाहिले तर गंजलेले टोक कापून नवे आटे पाडता येतात आणि तोच पाइप पुन्हा कामाला येतो. पाहिले नाही तर एके दिवशी जोड तुटतो आणि सगळे पाइप सिलिंडरसकट बोअरमध्ये पडतात. ते काढता आले नाहीत तर बोअर गेलाच म्हणायचा. तासाभराच्या कामाची हयगय, आणि नुकसान अख्ख्या बोअरचे.

आता घरोघरी नळ येत आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे माप माणशी दररोज ५५ लिटरचे आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण नळ आला म्हणून हे कसब जुने झाले नाही. प्लास्टिकचा पाइप जमिनीखाली गेला तरी टाकीचा स्टँड, टाकीवर चढणारा पाइप आणि त्यावरचे व्हॉल्व पुष्कळ ठिकाणी लोखंडाचेच असतात. मोटर जळाली की वस्ती हापशाकडेच वळते.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची गोष्ट आहे. त्याच्या बापाच्या, अब्राहामाच्या काळातल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने दिलेलीच नावे त्यांना ठेवली. नव्या विहिरीवर आपले नाव घालण्याआधी त्याने जुन्या मोकळ्या केल्या. आपल्याकडे नव्या बोअरसाठी देणगी लवकर जमते, कारण तिथे पाटी लागते. आट्यांना पाटी लावता येत नाही.

माझी विनंती एवढीच. या वर्षी देताना दुरुस्तीसाठी द्या. आटे पाडायच्या डायचा संच, पाइप धरायचा वाइस, दोन मोठे पाइप पाने, पाइप उचलायची कप्पी आणि साखळी, एवढे सामान चार-पाच वस्त्यांत मिळून एक असले तरी पुष्कळ. आणि ते चालवणारे हात वस्तीतलेच हवेत. दहावी-बारावी होऊन घरी बसलेला मुलगा हे शिकतो, मुलगीही शिकते. पाणी भरण्याचा भार मुलींच्याच डोक्यावर असतो, त्यामुळे हापसा बिघडल्याचे त्यांना सर्वांआधी कळते.

नांदेड आणि लातूरच्या आपल्या मंडळ्यांत फॅब्रिकेशनची दुकाने चालवणारे भाऊ आहेत. त्यांच्याकडे मी पैसे मागत नाही. उन्हाळा लागण्याआधी आठवडाभर एका मुलाला किंवा मुलीला दुकानात उभे करा. गुण्यात कापायला शिकवा. पहिला पाइप वाया जाईल, दुसराही जाईल, तो भंगारात टाका. तिसऱ्याचे आटे बरोबर पडले की त्याला वस्तीवर परत पाठवा.

ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर आपल्या पाळकसाहेबांकडे नाव द्यावे. प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो. आमेन.