फळमाशीचा पुढचा मुक्काम

आंबा कापावा आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसाव्यात, हा प्रताप फळमाशीचा. मूळची आपल्या आशियातली ही माशी 2003 मध्ये केनियात सापडली आणि काही वर्षांतच आफ्रिकेत दूरवर पसरली. आता पुढे कुठे?

याचा अंदाज बांधायला ऑस्ट्रेलियात तयार झालेली 'क्लायमेक्स' ही संगणकप्रणाली वापरतात. माशी जिथे कायमची नांदते तिथलं तापमान, जमिनीतली ओल, थंडीचा कडाका आधी पाहायचा आणि तसं हवामान जगात आणखी कुठे आहे ते शोधायचं. प्रत्येक ठिकाणाला शून्य ते शंभर गुण. शून्य म्हणजे तिथे तिचा संसार अशक्य. गंमत अशी, की कोरड्या प्रदेशालाही पाटाचं पाणी मिळालं की गुण वाढतात. बागायत आपण करायची, सोय पाहुणीची!

या गुणांवरून काढलेला नकाशा माशी कुठे तगेल एवढंच सांगतो. समुद्र ओलांडते ती बहुधा माणसाने नेलेल्या फळातून. फळमाश्या सापडल्या म्हणूनच युरोपीय संघाने 2014 मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. ती 2015 मध्ये उठली. तेव्हा, परदेशातल्या लेकीसाठी बॅगेत हापूस लपवून नेऊ नका.