पोटाची वाट
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मागे वळून पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की आपण सर्व येथे आलो कोठून? ज्यांचे आजे-पणजे रेल्वेच्या चाकरीसाठी दौंडास येऊन राहिले, त्यांच्यापैकी मूळचे दौंडकर असे कितीसे निघतील?

ह्या भागाचा इतिहास हाच मुळी स्थलांतराचा आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम पुष्कळसे दुष्काळपीडितांच्या हातून झाले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील निराधार स्त्रिया व मुली ह्याच तालुक्यातील केडगावी आणून त्यांस आश्रय दिला. दुष्काळ माणसास मागून ढकलतो आणि काम किंवा आसरा त्यास पुढून ओढतो. ह्या दोहोंच्या मध्ये स्थलांतराची वाट पडते.

ही वाट उलटतेही. शिरूरच्या कोरडवाहू गावांतील तरुण पूर्वी मुंबईस जात आणि घरची माणसे मनिऑर्डरीची वाट पाहत. पुढे रांजणगावास कारखाने उभे राहिले, आणि आता मराठवाडा, विदर्भ, बिहार येथील तरुण तेथे खोली शोधीत येतात. माणसांचा स्वभाव बदलला नाही. काम मात्र जवळ आले. म्हणून गाव सोडणारा तो चंचल, असे म्हणणे अन्यायाचे होय.

तिसरा प्रकार हंगामी. कालव्याच्या पाण्याने दौंडात ऊस आला. तो लावणारा येथलाच; तोडणारा मात्र दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून येतो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल फिटेपर्यंत दोघांचे कष्ट तिच्यातच जातात. कर्ज त्यांस गावाबाहेर काढते, आणि पुष्कळदा तेच पुढल्या वर्षी पुन्हा आणते.

एका हंगामात फडाजवळच्या कोप्यांपाशी मी एका मुलीस विचारले, "बाळ, कितवीत आहेस?" ती म्हणाली, "गावाकडं चौथीत हाय. इथं भावाला सांभाळते." तिचे नाव गावच्या शाळेच्या पटावर होते, ती स्वतः येथे होती, आणि येथल्या पटावर तिचे नाव नव्हते. दोन पटांच्या मध्ये एक लेकरू हरवले होते, आणि त्याच वाटेने मी कित्येक वर्षे जात-येत होतो! ह्याची मला लाज वाटली.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित गणले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांच्या स्थलांतराचे मुख्य कारण विवाह. म्हणजे आपल्या प्रत्येक घरातील सून ही स्थलांतरितच की! तिला आपण परकी म्हणत नाही. मानाने घरात घेतो. मग ऊस तोडणारी बाईच तेवढी परकी कशी?

तेव्हा माझी विनंती एवढीच. येत्या हंगामात प्रत्येक वाडीतील दोघांनी कोप्यांवर जावे, मुलांची नावे विचारावी, आणि त्यांस जवळच्या शाळेत हात धरून पोहोचवावे. तान्ह्या भावंडांस दिवसा सांभाळण्याची सोय आपल्या वडीलधाऱ्या भगिनींनी करावी. नाही तर मोठी बहीण शाळेत जाणार कशी?

पवित्र कुटुंबही एके काळी बाळास घेऊन रातोरात मिसर देशी गेले होते. तेथे कोणी तरी त्यांस थारा दिलाच असेल. त्या अनामिक शेजाऱ्याचे काम आज आपल्याकडे आले आहे.