खांदा बैलाचा आणि खांदा आपला
(शेतकऱ्यांसाठीच्या आकाशवाणी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैलाचा खांदा सुजला तर आपण काय करतो? त्याला जुंपत नाही. जू कुठे घासते ते पाहतो, गुरांच्या डॉक्टरला दाखवतो आणि खांदा पुरता बरा होईपर्यंत जनावर दावणीला ठेवतो. पण आपला स्वतःचा खांदा धरला, कंबरेत उसण भरली, गुडघा सुजला, तर? एक गोळी खायची, तेल चोळायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. म्हणून आज मी पिकाविषयी न बोलता पीक काढणाऱ्या शरीराविषयी बोलणार आहे. दुखावलेले सांधे आणि स्नायू व्यायामाने व हाताच्या उपचाराने कामाला लावण्याची जी विद्या आहे, तिला फिजिओथेरपी किंवा भौतिकोपचार म्हणतात. तालुक्याच्या गावी आता अशी केंद्रे दिसू लागली आहेत. त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा, ते पाहू.

मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरी हा विषय घेतला त्याला कारण आहे.

मंगळवेढ्याकडच्या एका गावातले एक शेतकरी. मालदांडी ज्वारीची काढणी झाली होती. कडबा भरताना ते ट्रॉलीवरून पडले आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. प्लास्टर झाले, दीड महिन्याने निघाले. हाड नीट जुळले होते. पण हात सुजलेला, बोटे ताठ. हलवले की दुखे, म्हणून त्यांनी हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवला तो अडकवलाच. पुढे चार महिन्यांनी ठिबकच्या अर्जासाठी मी त्यांच्याकडे गेलो. सही करणारा माणूस, पण त्यांनी अंगठा पुढे केला. मी शाईचा पॅड सरकवला आणि अर्ज घेऊन परतलो. हाताचं काही विचारलंच नाही. त्यानंतर महिन्याभरात कळले की धार काढता येत नाही म्हणून त्यांनी दुभती म्हैस विकली. मग मात्र मी पुन्हा गेलो आणि त्यांना तालुक्याच्या केंद्रावर घेऊन गेलो.

तिथे शेजारच्याच गावची एक मुलगी काम करते. तिने पहिल्या दिवशी कुठलेही यंत्र लावले नाही. प्रत्येक बोट किती वाकते ते कोनमापकाने मोजून कागदावर लिहिले. मग विचारले, "काका, या हाताने तुम्हाला कोणकोणती कामं करायची आहेत?" ते म्हणाले, "धार काढायची, आणि सही करायची." त्या दोन कामांसाठी तिने व्यायाम बसवला. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे वाकवणे, फडके पिळणे, मळलेल्या कणकेचा गोळा दाबणे. हे रोज घरी चार वेळा, आणि आठवड्यातून दोनदा केंद्रावर. तीन महिन्यांत सही आली. पुढे धारही जमू लागली. मूठ मात्र अजून पूर्ण मिटत नाही. ती मुलगी म्हणाली, "प्लास्टर निघाल्याच्या आठवड्यात आले असते तर बराच जास्त फरक पडला असता." हे वाक्य मला लागले, कारण त्या चार महिन्यांत त्यांच्या घरी जाऊन आलेला सरकारी माणूस मीच होतो.

सांधा आखडतो कसा?

सांध्याभोवती एक पिशवीसारखे आवरण असते. सांधा हलता राहिला तर ते मऊ राहते. बरेच दिवस न हलवल्यास ते आकसते आणि आजूबाजूच्या ऊती एकमेकींना चिकटू लागतात. स्नायूसुद्धा न वापरल्याने बारीक होतात. म्हणून प्लास्टर असतानाही, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, प्लास्टरबाहेरचे सांधे रोज हलवावेत. मनगटाला प्लास्टर असेल तर बोटे, कोपर आणि खांदा. हाड जुळवणे हे डॉक्टरचे काम; हात पुन्हा कामाला लावणे हे अर्धे आपले स्वतःचे काम.

ही विद्या आली कुठून?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीस मुंबईत पोलिओच्या साथीने अनेक मुले लुळी पडली. त्या सुमारास परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. आज बारावीनंतर चार वर्षांहून अधिक काळाचा हा पदवी अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात या व्यवसायाच्या परिषदेचा कायदा २००२ चा आहे आणि देशपातळीवरचा कायदा २०२१ चा. म्हणून केंद्रात गेल्यावर भिंतीवर पदवी आणि नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, ते बघा. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण वाचतो, तसेच हे.

चांगले केंद्र कसे ओळखावे?

पहिली गोष्ट, तिथे आधी विचारपूस होते. दुखणे कधीपासून, कोणत्या कामाने वाढते, मधुमेह आहे का, हे विचारले जाते. दुसरी, सांधा मोजून लिहून ठेवतात, म्हणजे पंधरा दिवसांनी फरक पडला की नाही ते कळते. तिसरी, घरी करण्याचा व्यायाम तुमच्याकडून करवून घेऊन शिकवतात. नुसते यंत्र लावून वीस मिनिटे पाडून ठेवायचे आणि पैसे घ्यायचे, हा पुरा उपचार नव्हे. चौथी, किती वेळा यावे लागेल आणि खर्च किती, हे आधी सांगतात. आणि पाचवी, आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे दिसले की डॉक्टरकडे पाठवतात.

हे शेवटचे फार महत्त्वाचे. समजा, गोठ्यात गाय गाभडली आहे आणि घरात कोणाला चढउतार होणारा ताप, घाम, सांधेदुखी आणि कंबरदुखी सुरू झाली. हा ब्रुसेलोसिस असू शकतो. तो जनावरांपासून माणसाला होतो. रक्त तपासावे लागते आणि औषधच घ्यावे लागते. व्यायामाने तो जात नाही. म्हणून दूध उकळूनच प्यावे आणि गाभडलेल्या जनावराचा वार उघड्या हाताने काढू नये.

हाडवैद्याकडे जावे का?

आपल्या वाडवडिलांना हाडवैद्यांचाच आधार होता, हे मी विसरत नाही. पण आज एक्स-रे काढल्याशिवाय हाड मोडले की नुसते मुरगळले, हे नक्की कळत नाही. मोडलेल्या हाडावर चोळू नये, ओढू नये. दोन्ही बाजूंना कामट्या किंवा पुठ्ठा लावून, वर सैल फडके बांधून रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा. जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापूरला, श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहेच. त्यालाच आपण सिव्हिल म्हणतो. आणि घट्ट पट्टी बांधल्यावर बोटे निळी, गार किंवा बधिर पडली, ठणका असह्य झाला, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी लगेच सोडा आणि रुग्णालय गाठा. रक्त थांबले तर काही तासांत हात कायमचा जाऊ शकतो.

पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस शेक नको, चोळणे नको. थंड पाण्याची किंवा फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाची पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी, पाय उशीवर उंच ठेवावा. पावलावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. मधुमेह असलेल्यांनी गरम विटेचा शेक मुळीच घेऊ नये. बधिर पायाला चटका कळत नाही आणि जखम चिघळते.

कामातले ओझे हलके करा

सोळा लिटरचा पाठीवरचा पंप भरला की पंपासकट वजन वीस किलोच्या आसपास जाते. एकरी दोनशे लिटर पाणी धरले तर साडेबारा पंप होतात. म्हणजे तेवढ्या वेळा आपण वीस किलो जमिनीवरून उचलून पाठीवर घेतो. कंबर जाते ती बहुतेक उचलताना. त्यासाठी बांधावर कंबरेएवढा दगडी कट्टा करा किंवा पिंप उभे करा. पंप त्यावर ठेवून भरा आणि तिथूनच पाठीला लावा. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्या. वाटल्यास पंप बारा लिटरच भरा. चार फेऱ्या वाढतील, पण प्रत्येक वेळी चार किलो कमी होतील.

युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे, बाकी खते बहुतेक ५० किलोचीच. गोणी एकट्याने उचलू नये, दोघांनी धरावी. गुडघे वाकवून, ओझे छातीजवळ घेऊन उठावे. ओझे हातात असताना कंबरेतून वळू नये, पाय वळवावेत.

भगिनींनो, खुरपणीला आपण तासन्‌तास उकिडव्या बसता. अर्ध्या तासाने उठून दहा पावले चाला. एक गुडघा गोणपाटाच्या घडीवर टेकवा आणि गुडघे आलटून पालटून बदला. ओळीतल्या तणाला जमेल तिथे हातकोळपे वापरा. गुडघे दुखत असतील तर धार काढायला उंच पाट घ्या.

घरी करण्याचे तीन व्यायाम

गुडघ्यासाठी: बाजेवर पाय खाली सोडून बसा. एक पाय सरळ करा, मांडी आवळा, दहापर्यंत मोजा, सोडा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो.

खांद्यासाठी: भिंतीसमोर उभे राहा. बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढा. जिथे पोचलात तिथे कोळशाची खूण करा. दर आठवड्याला खूण वर गेली पाहिजे. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून साखरही तपासा.

कंबरेसाठी: उसण भरली की आठ-आठ दिवस पडून राहू नका. एक-दोन दिवस जड काम सोडा, पण घरातल्या घरात चालत राहा. व्यायामाने दुखणे वाढून दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर व्यायाम कमी करा आणि विचारायला जा.

ताबडतोब रुग्णालय कधी?

कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी. एकच सांधा लाल, गरम होऊन ताप आला, तरीही त्याच दिवशी. आणि कोणी बिनलेबलाची पुडी देऊन "रात्रीत दुखणं पळेल" म्हणाला तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते. दुखणे झाकले जाते आणि हाडे ठिसूळ होतात.

शेतात अपघात होऊन हात किंवा पाय कायमचा निकामी झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे; तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वेळेत अर्ज करावा. पण बोटे आखडली म्हणून अनुदान मिळत नाही. ती सोडवावीच लागतात.

शेवटी ही पदवी घेतलेल्या गावच्या मुलामुलींना दोन शब्द. सगळेच पुण्याला जाऊ नका. बाजाराच्या गावी, एस.टी. स्थानकाजवळ, तळमजल्यावर एक खोली घ्या. पायरीऐवजी उतार करा. सुरुवातीला महागडी यंत्रे नकोत. मजबूत पलंग, चालण्याचा सराव करायला दोन समांतर दांड्या, खांद्यासाठी कप्पी, वाळूच्या पिशव्या आणि मोजमापाची वही, एवढ्यावर पुष्कळ काम होते. बाजाराच्या दिवशी केंद्र चुकूनही बंद ठेवू नका, कारण त्याच दिवशी शेतकरी गावात येतो. सुगीत रोज या असे सांगू नका. घरचा व्यायाम नीट शिकवा आणि आठवड्याने बोलवा.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्या वाडीवस्तीवर कोणाचे प्लास्टर नुकतेच निघाले असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा. "मूठ मिटून दाखवा" म्हणा. मिटली नाही, तर येत्या बाजारी त्यांना बरोबर घेऊन जा. मी चार महिने उशीर केला. तुम्ही करू नका.

नमस्कार.