घरपट्टीला धर्म नसतो

शिकागोजवळच्या ब्रिजव्ह्यू या उपनगराची गोष्ट सांगतो. वस्ती जेमतेम १६-१७ हजार, त्यात अरब मुस्लिम बरेच. तिथल्या नगरमंडळाने कर्जरोखे काढून फुटबॉलचं स्टेडियम बांधलं. २००६ मध्ये ते खुलं झालं. आसनं २० हजार, म्हणजे गावापेक्षा जास्त! अपेक्षित उत्पन्न आलं नाही, मालमत्ता कर वाढला. २०१९ मध्ये ‘शिकागो फायर’ संघाने ६.५५ कोटी डॉलर कबूल करून करारातून सुटका घेतली. संघ गेला, कर्ज मात्र गावाकडेच राहिलं.

त्याचा हप्ता नमाजी भरतो, चर्चला जाणाराही भरतो. आपण ओळखीच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरतो, उतरायलाच हवं. पण आपल्या पालिकेचं अंदाजपत्रक आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? मी सुरुवात केलीय. तुम्हीही वाचा, आणि नगरसेवकाला हिशेब विचारा.