बोंडअळीची प्रतिकारशक्ती : मोजणी कशासाठी?



आंध्र प्रदेशातील गुंटूर व प्रकाशम् जिल्ह्यांत १९८७ च्या हंगामात कपाशीवर हिरव्या बोंडअळीने थैमान घातले. तूर व हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, अळी मेली नाही. पीक बुडाले, औषधांची उधारी मात्र राहिली. तिच्या भाराखाली काहींनी जीव दिला. दोष भेसळीला देण्यात आला. भेसळ नसतेच असे नाही; परंतु त्या भागातील अळ्या प्रयोगशाळेत शुद्ध पायरेथ्रॉइड औषधालाही दाद देईनात.

अळीला औषधाची सवय होते, असे म्हणतात. ते खरे नव्हे. असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच विष पचविणारी असते. तेच औषध वारंवार मारले की इतर मरतात व तिचीच प्रजा उरते.

ही प्रजा किती वाढली, हे मोजता येते. शेतातून अंडी व अळ्या आणून प्रत्येक अळी स्वतंत्र कुपीत वाढवितात, कारण एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातात. अळी ३० ते ४० मिलिग्रॅम वजनाची झाली की ॲसिटोनमध्ये मिसळलेल्या औषधाचा एक मायक्रोलिटर थेंब तिच्या पाठीवर सोडतात. मात्रा अशी की साधी अळी हटकून मरावी. काही अळ्यांवर नुसते ॲसिटोन सोडतात, म्हणजे हाताळणीनेच किती मेल्या ते कळते. औषधानंतरही ज्या जगतात, त्या प्रतिकारक्षम. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट व नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था येथे असे काम झाले आहे.

नमुना मात्र पुरेसा हवा. शंभरांत एकच अळी प्रतिकारक्षम असेल, तर ती हाती लागण्याची ९५ टक्के खात्री होण्यासाठी सुमारे ३०० अळ्या तपासाव्या लागतात. दहा-वीस तपासून ‘सर्व ठीक’ असा अहवाल धाडणे म्हणजे केवळ कागद भरणे होय. औषध बदलण्याची वेळ तीच असते. शेतकऱ्याच्या डोळ्यांना अपयश दिसेपर्यंत ती टळून गेलेली असते.

शिवाय या अळीचा पतंग दूरवर उडतो. एकट्या शेताने संयम पाळून भागत नाही. ऑस्ट्रेलियात १९८३ मध्ये प्रतिकार आढळताच पायरेथ्रॉइडची फवारणी हंगामातील ठराविक मुदतीपुरती ठेवण्याचे धोरण साऱ्या प्रदेशासाठी आखले गेले. भारतात २००२ मध्ये बीटी कपाशी आल्यावर कपाशीवरील या अळीसाठीच्या फवारण्या घटल्या. तूर-हरभऱ्यावर ती आजही आहे. म्हणून नमुना पाठविताना गाव, पीक, तारीख आणि त्या शेतात कोणते औषध किती वेळा फवारले, ही नोंद चिठ्ठीवर अवश्य असावी.