नर्सिंगचा प्रवेश लांबला, आता काय?



मागे याच कार्यक्रमात मी परिचर्येच्या शिक्षणावर बोलले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा इथे माझ्या पुढ्यात आहे. अक्षरं वेगळी, गावं वेगळी, प्रश्न मात्र एकच. "बाई, माझं वय २९. बारावी होऊन अकरा वर्षं झाली. यंदाही नंबर लागला नाही. आता काय करू?" कुणी ३१ ची, कुणी ३३ ची. कुणाची मुलं शाळेत जायला लागली म्हणून आत्ता कुठे मोकळीक मिळालीय. कुणाचा नवरा गेला आणि घर चालवायचंय. एकीने लिहिलंय, सासूबाई दीड महिना दवाखान्यात होत्या, तेव्हा सिस्टरांचं काम जवळून पाहिलं आणि ठरवलं, आपण हेच करायचं. दोन पत्रं पुरुषांची आहेत. भाऊ, एक अभ्यासक्रम सोडला तर हे शिक्षण तुम्हालाही खुलं आहे, आजचं बोलणं तुमच्यासाठीही आहे.

मी चौतीस वर्षं परिचर्या विद्यालयांत पाठ्यनिर्देशिका होते. उशिरा आलेल्या विद्यार्थिनी मी पुष्कळ पाहिल्या. पहिले तीन महिने त्या इंग्रजीला घाबरतात आणि पुढची अडीच वर्षं वॉर्ड सांभाळतात. रुग्णाचा हात धरायला त्यांना शिकवावं लागत नाही. तेव्हा "या वयात जमेल का?" हा प्रश्न मी बाजूला ठेवते. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी तिथे प्रौढ बायकांना, विधवांना अक्षरओळखीपासून शिकवलं आणि त्यांतल्या कितीतरी जणींना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळालं. सोवळ्यातल्या बाईने परक्याची जखम धुवायची, ही त्या काळी केवढी गोष्ट! त्यांना जमलं. तुम्हालाही जमेल.

प्रश्न जमण्याचा नाही, वाट पाहण्याचा आहे. आणि वाट पाहताना माणूस जी एक चूक करतो, तिच्याबद्दल मला आज मुख्यतः बोलायचंय.

त्याआधी थोडी उजळणी. एएनएम दोन वर्षांचा आणि फक्त बायकांसाठी, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.ला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. कला किंवा वाणिज्य शाखा असेल तर एएनएम आणि जीएनएम. मुक्त विद्यालयातून केलेली मान्यताप्राप्त बारावीही चालते, म्हणजे दहावीवर शाळा सुटलेल्यांनाही वाट आहे. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवं आणि वरची मर्यादा ३५. एएनएम होऊन नोंदणी झालेल्या बाईला मात्र जीएनएमसाठी ही वरची मर्यादा आड येत नाही. चौतिशीला टेकलेल्यांनी हे वाक्य कागदावर लिहून ठेवा. बी.एस्सी.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, राज्याचा सीईटी कक्ष घेतो, त्यानंतर कॅप राउंड होतात. एका ताईंनी विचारलंय, "कॅप राउंडला कॅप कुठली घालून जायची?" अहो ताई, डोक्यावरची नव्हे! केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, तिच्या फेऱ्या. चूक माझीच, मागच्या वेळी मी फोड करून सांगितलं नाही. या फेऱ्या एकामागून एक चालतात, मधे जागा रिकाम्या होतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून मोबाइल बंद करून रडत बसू नका. शेवटची फेरी संपेपर्यंत पाहत राहा. आणि नियम दरवर्षी थोडेफार हलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचा. मैत्रिणीने सांगितलेलं नको, पुस्तिका.

आता ती चूक.

यंदा नंबर लागला नाही की घरात बोलणं सुरू होतं. "अजून एक वर्ष? तोपर्यंत काय करणार?" त्याच आठवड्यात एसटी स्टँडजवळच्या खांबावर पाटी दिसते. सहा महिन्यांत नर्स. एका वर्षात नर्स. वयाची अट नाही, सीईटी नाही, शंभर टक्के नोकरी. आणि खाली ठळक अक्षरांत: गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली होती. वय ३४. हातात जाड कागदाचं प्रमाणपत्र, त्यावर सोनेरी शिक्का, पांढऱ्या गणवेशातला फोटो, डोक्यावर कॅपसुद्धा. दीड वर्षाचा कोर्स, त्यासाठी दोन बांगड्या मोडल्या होत्या. रुग्णालयात मुलाखतीला गेली तेव्हा तिला विचारलं, नोंदणी क्रमांक काय? तिने अभिमानाने प्रमाणपत्र उलटं केलं. मागे क्रमांक होता खरा, पण तो संस्थेचा. संस्था नोंदणी कायद्याखाली कुठल्याही मंडळाला मिळतो तसा. तिला बाहेर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, मदतनीस म्हणून ठेवू. ती माझ्यासमोर रडली नाही, नुसती विचारत राहिली, "मग बाई, हा गव्हर्न्मेंटचा शिक्का कशाचा?"

कशाचा सांगू? आमच्या गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा नोंदणीकृत आहे. म्हणून ते काय नर्स घडवतं?

नीट ऐका, कारण ही पत्रं वाचताना मला त्याच बाईचा चेहरा दिसत होता. संस्थेची नोंदणी वेगळी आणि परिचारिकेची नोंदणी वेगळी. महाराष्ट्रात परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. ज्या संस्थेच्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे, तिथून उत्तीर्ण झालात तरच तुमचं नाव परिषदेच्या नोंदवहीत जातं. ते नाव नसेल, तर प्रमाणपत्रावर सोन्याचं पाणी दिलेलं असलं तरी कायद्याने तुम्ही नर्स नाही. अधिपरिचारिकेच्या सरकारी जागेवर अर्ज करता येत नाही, परदेशाचं तर नावच नको. त्याहून वाईट म्हणजे, एखाद्या छोट्या दवाखान्यात तुम्हाला पांढरा कोट घालून इंजेक्शन द्यायला लावतील आणि रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या पाठीशी कुणी उभं राहणार नाही.

म्हणून कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. परिषदेची मान्यता या चालू वर्षासाठी आहे का? पत्र दाखवा. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का? पत्र दाखवा. विद्यार्थिनी वॉर्डात शिकायला कुठल्या रुग्णालयात जातात? त्या रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा, या विद्यालयाच्या मुली इथे येतात का म्हणून. मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेकडे असते, त्यात संस्थेचं नाव ताडून पाहा. पत्र दाखवायला कुणी कां-कूं केलं, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे" म्हणालं, तर चप्पल घाला आणि घरी या. प्रोसेसमध्ये! मान्यता मिळाली की मग मुली घ्या म्हणावं.

मदतनिसाचा छोटा कोर्स वाईट, असं मी म्हणत नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणून रुग्णाची आंघोळ, कूस बदलणं, जेवण भरवणं हे शिकून मदतनिसाच्या पगारावर काम करणं चांगलंच आहे, वाट पाहण्याचे दिवसही त्यात निभतात. फक्त शिकवणाऱ्याने तुम्हाला "तू नर्स होशील" असं सांगायला नको आणि तुम्ही तसं समजायला नको.

आणि त्या चौतीस वर्षांच्या बाईचं दुःख पैशाचं नव्हतं. बांगड्या पुन्हा होतात. तिचं दीड वर्ष गेलं होतं, आणि पस्तिशीच्या अलीकडे दीड वर्ष म्हणजे अर्ज करण्याची शेवटची संधी. एक वर्ष थांबायला ती घाबरली आणि त्या भीतीपायी तिने नेमकं तेच वर्ष घालवलं. थांबा. पण पत्र पाहिल्याशिवाय कुणाच्या दारात पाऊल टाकू नका.

बरं. आता थांबायचं म्हणजे हात जोडून बसायचं नाही.

पहिलं काम कागदांचं, आणि ते आत्ताच, अर्ज निघाल्यावर नव्हे. लग्न झालेल्या बायकांची सगळ्यात मोठी अडचण नावाची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पुस्तिकेत बहुधा गुणपत्रिकेवरचंच नाव मागतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत ठेवा. गुणपत्रिका हरवली असेल तर बोर्डाच्या विभागीय कार्यालयातून दुसरी प्रत मिळते, तिला वेळ लागतो. मधल्या वर्षांत काय केलं त्याचं प्रतिज्ञापत्र, ज्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात, तेही लागेल. राखीव जागेतून अर्ज करणार असाल तर जातवैधतेला महिनोन्‌महिने लागतात, आजच अर्ज टाका. लग्नानंतरही जातीचे पुरावे वडिलांकडचे लागतात, तेव्हा माहेरी फोन करा आणि आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला सांगा. नॉन-क्रिमिलेअर वेळच्या वेळी नवं काढा, जुनं चालत नाही. मूळ कागद एजंटाच्या हातात कधीच नाहीत. कधीच नाहीत म्हटलं ना!

दुसरं, लस. वॉर्डात रक्ताशी, सुईशी काम असतं, म्हणून हिपॅटायटिस बीची लस हवी. तिचे तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. बघा, सहा महिने! प्रवेश लांबला तर हे काम तरी आधीच होऊन जाईल. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

तिसरं, घर. नाइट ड्यूटीला मुलाकडे कोण बघणार, हे सासूबाईंशी आत्ता बोला. वसतिगृहात राहणं सक्तीचं असेल का, तेही विचारून ठेवा.

चौथं, फी. मान्यताप्राप्त संस्थेतल्या प्रवेशाला शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर असतात. इतकंच.

पाचवं, अभ्यास, आणि यातलं गणित मला सांगायचंच आहे. उशिरा आलेल्या मुली इंग्रजीला भितात, पण मी त्यांना नापास होताना पाहिलं ते औषधाच्या मात्रेच्या हिशेबात. पाढे विसरलेले असतात. एक ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. इंग्रजीसाठी रोज औषधाच्या वेष्टनावरचे पाच शब्द वाचा, बास.

आता एक हिशेब घ्या. पाचशे मिलिलिटरची सलाईनची बाटली पाच तासांत द्यायची आहे. सेट असा, की एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात. तर मिनिटाला किती थेंब ठेवायचे? एकूण थेंब दहा हजार, मिनिटं तीनशे. भागलं की तेहतीसच्या जरा वर, म्हणून तेहतीस ठेवायचे. कमी ठेवले तर बाटली वेळेत संपत नाही, जास्त ठेवले तर म्हाताऱ्या रुग्णाच्या हृदयावर ताण येतो. वॉर्डात बाटलीखाली उभं राहून, एक डोळा घड्याळावर ठेवून, आपण हे थेंब मोजतो.

समोरून हात हलतोय, वेळ संपत आली. पण हा गठ्ठा मी घरी नेणार आहे, ज्यांनी पत्ता लिहिलाय त्यांना पोस्टकार्ड टाकीन. संस्थेचं नाव लिहून "बाई, ही बरी आहे का?" असं विचारणाऱ्या अकरा जणींनो, तुम्हाला एकच ओळ लिहिणार आहे: परिषदेचं पत्र पाहिलंत का?

बाकीच्यांना गृहपाठ. तीच पाचशेची बाटली, तोच सेट, वेळ मात्र आठ तास. मिनिटाला किती थेंब? उत्तर मला कळवू नका. पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी, वॉर्डात उभ्या असाल तेव्हा परिसेविका हाच हिशेब विचारील. तिला सांगा.