इंग्रजी शब्दसंपत्ती : का आणि कशी?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



माझे सारे आयुष्य इंग्रजी शिकविण्यात गेले. म्हणून मी आज शब्दांविषयीच बोलणार आहे.

आपल्या संस्थेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही माध्यमांची मुले आहेत. ती दहावीला चांगले गुण मिळवितात, पेढे वाटतात आणि मोठ्या उमेदीने अकरावीच्या विज्ञान शाखेत जातात. पहिल्याच तासाला प्राध्यापक इंग्रजीतून बोलू लागतात. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘इंडिकेट’, ‘सिग्निफिकंट’ असे शब्द कानांवरून जातात. जो सिद्धांत मुलाने मातृभाषेत उत्तम समजून घेतलेला असतो, तोच आता परका वाटू लागतो. मुलगा मागच्या बाकावर सरकतो. दिवाळीपर्यंत शाखा बदलतो, नाहीतर घरी बसतो. मुलीच्या बाबतीत तर घरच्यांना तेवढेच निमित्त पुरते. अशी मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. त्यांच्याजवळ शब्द कमी होते.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी शब्द तर लाखोंनी आहेत, ते शिकावयाचे तरी किती? याचे उत्तर अभ्यासकांनी मोजून दिलेले आहे. बंगालमध्ये शिक्षणाचे काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतील सर्वांत उपयुक्त अशा सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. यांतील पुष्कळसे शब्द शाळेत तुमच्या कानांवरून गेलेले असतात. पुढे २००० साली न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी महाविद्यालयीन दर्जाचे लेखन तपासले आणि त्या २००० शब्दांपलीकडचे, सर्व विषयांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द वेगळे काढले. ती शब्दकुटुंबे भरली अवघी ५७०! ‘ॲनालाइझ’, ‘ॲनालिसिस’, ‘ॲनालिटिकल’ मिळून एक कुटुंब, असा हा हिशेब आहे. अभ्यासाच्या पुस्तकात साधारणपणे दर दहा शब्दांमागे एक शब्द या यादीतला असतो. अकरावीच्या वर्गात मुलाला अडविणारे शब्द बहुतेक हेच. रोज दोन कुटुंबे शिकलात तर २८५ दिवसांत यादी संपते. मित्रहो, समुद्र वाटत होता, ती खाडी निघाली. खाडी पोहून जाता येते.

मात्र पोहावयाचे कसे, हे नीट समजून घ्या. येथे मी माझी एक चूक कबूल करतो. मी तरुणपणी एका गाइडमधून मोठमोठे शब्द पाठ केले होते. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला एकच मराठी अर्थ. त्यात ‘कनिंग’ म्हणजे ‘चतुर’ असे दिले होते. मी नवखा शिक्षक असताना एका गरीब, हुशार विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र हवे होते. मी मोठ्या अभिमानाने लिहिले की, ही मुलगी अत्यंत ‘कनिंग’ आहे. पत्र परत आले. सोबत चौकशी होती, ‘आपणांस नेमके काय म्हणावयाचे आहे?’ ‘कनिंग’ म्हणजे कावेबाज, हे मला त्या दिवशी कळले. दुसरे पत्र पोहोचेपर्यंत मुदत संपली होती. ती मुलगी पुढे शिकली, पण तिचे एक वर्ष माझ्या एका शब्दाने खाल्ले. तिने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र ते विसरलो नाही.

यातून मी पहिला धडा शिकलो. शब्द एकटा घेऊ नये, वाक्यासकट घ्यावा. तो कोणाबरोबर उठतो-बसतो, स्तुतीला चालतो की निंदेला, हे पाहावे. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये विद्यार्थ्यांना शिकविताना हीच अडचण ओळखली आणि इंग्रजी शिकणाऱ्या परभाषिकांसाठी शब्दकोश रचला. तो १९४२ साली तेथेच प्रथम निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने जगभर पोहोचविला. त्यात अर्थाबरोबर वाक्येही दिलेली असतात. आज असे कोश मोबाइलवरही मिळतात आणि उच्चारही ऐकवितात. तेव्हा सबब उरलेली नाही.

दुसरा धडा कुटुंबाचा. हा आपल्या मुलांना इतरांपेक्षा सोपा जावा. उर्दू जाणणाऱ्या मुलांनो, ‘इल्म’, ‘आलिम’, ‘उलेमा’, ‘तालीम’, ‘मुअल्लिम’, ‘मालूम’ हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत. सर्वांच्या पोटात ऐन, लाम, मीम ही तीनच अक्षरे आहेत आणि सर्वांचा संबंध जाणण्याशी, ज्ञानाशी आहे. मराठी माध्यमाच्या मुलांनी ‘आकार’, ‘प्रकार’, ‘विकार’, ‘उपकार’, ‘अपकार’ हे शब्द आठवावेत. धातू एक, उपसर्ग निरनिराळे. इंग्रजीतील भारदस्त शब्द लॅटिन आणि ग्रीक मुळांतून असेच घडलेले आहेत. लॅटिनमध्ये ‘स्क्राइब’ या मुळाचा अर्थ लिहिणे. खाली लिहिणे, म्हणजे सही करणे, यावरून ‘सबस्क्राइब’. आधी लिहून देणे यावरून ‘प्रिस्क्राइब’. डॉक्टरांचे ‘प्रिस्क्रिप्शन’ तेच. हाताने लिहिलेले ते ‘मॅन्युस्क्रिप्ट’, म्हणजे आपले हस्तलिखित. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे; त्यावरून ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्स्पोर्ट’. ग्रीक ‘टेली’ म्हणजे दूर. ‘टेलिफोन’, ‘टेलिस्कोप’, ‘टेलिग्राफ’ त्यातूनच आले. एक मूळ कळले की पाचसहा शब्द आपण होऊन ओळख देतात. पण मुळावरून बांधलेला अंदाज कोशात ताडून पाहावा. नाहीतर माझ्या ‘कनिंग’सारखी गत व्हावयाची.

इंग्रजीला परकी म्हणून तिच्याकडे भीतीने पाहू नका. तिने आपल्या ओळखीच्या घरांतूनही शब्द नेले आहेत. ‘अल्जिब्रा’ हा अरबी ‘अल्-जब्र’वरून आला. तो नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातला शब्द. आणि खुद्द त्यांच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ झाला. ‘झीरो’ हा ‘सिफ्र’वरून आला आणि ‘सिफ्र’ हा संस्कृत ‘शून्य’ या शब्दाचा अरबी अनुवाद. ‘मॅगझिन’ म्हणजे मुळात ‘मखझन’, कोठार. १७३१ साली लंडनच्या एका मासिकाने ते नाव घेतले आणि नियतकालिकाला तोच शब्द रूढ झाला. ज्या भाषेने उसने घेण्यात कमीपणा मानला नाही, तीच श्रीमंत झाली. आपणही मानू नये.

तिसरा धडा उजळणीचा. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले आपण सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरतो. म्हणून आज शिकलेला शब्द उद्या पाहा, आठवड्याने पाहा, महिन्याने पुन्हा पाहा. एक दोनशे पानी वही करा. तीत शब्द, तो जेथे भेटला ते वाक्य, त्याची भावंडे आणि शेवटी स्वतः रचलेले एक वाक्य लिहा. ते वाक्य आपल्या घरातले, गावातले असू द्या. दुसऱ्याच्या वहीवरून उतरविलेला शब्द आपला होत नाही.

शेवटी शिक्षकांना आणि पदाधिकाऱ्यांना एक नम्र विनंती. पुष्कळ शाळांत उत्तम शब्दकोश कपाटात कुलूपबंद असतात, कारण ते फाटतील अशी भीती असते. कृपा करून ते वर्गात ठेवा. फाटलेला कोश नवा आणता येतो. मागच्या बाकावरून घरी गेलेली मुलगी परत आणणे त्याहून फार कठीण असते.